चारही चाकं कामाला

मराठी माणसाने कुणाची नवी गाडी पाहिली की रंगाचं कौतुक तोंडदेखलं असतं. खरा प्रश्न त्याच्या मागून येतो: "ॲव्हरेज काय देते?" पेट्रोल परवडतंय की नाही, याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. माझे बाबा बँकेतून निवृत्त झाले, पेन्शन व्यवस्थित आहे. तरी सोसायटीत कुणी मर्सिडीज घेतली, तर पेढा तोंडात टाकण्याआधी ते हेच विचारतात. ॲव्हरेज म्हणजे गाडीचं चारित्र्य. बाकी सगळा मेकअप, असं त्यांचं मत.

हे बाबा आईसह मार्चमध्ये आमच्याकडे डेन्व्हरला आले. इथे सरासरीने सगळ्यात जास्त बर्फ मार्चमध्येच पडतो, हे मी सांगितलं होतं. पण तिकीट स्वस्त होतं.

आमची गाडी 2012 सालची सुबारू इम्प्रेझा. पाच दारांची हॅचबॅक, दोन लिटरचं इंजिन, सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक. कोलोरॅडोत सुबारू इतक्या बोकाळल्यात की दुकानाच्या पार्किंगमध्ये हमखास दुसऱ्याच कुणाच्या गाडीचं दार ओढलं जातं. अमेरिकी सरकारचा तिचा आकडा गॅलनला शहरात 27 मैल, हायवेला 36 आणि एकत्रित 30. बाबांनी विमानतळावरून निघताच तो विचारला आणि कॅल्क्युलेटर न काढता, डोळे मिटून सोडवला.

"लिटरला पावणेतेरा," ते म्हणाले. आणि मग बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत.

"बाबा, ही ऑल व्हील ड्राइव्ह आहे. चारही चाकांना ताकद जाते."

"कशासाठी?"

"बर्फात घसरू नये म्हणून."

"आज बर्फ आहे?"

"आज नाही."

"मग आज कशाला चारही फिरवतोयस?"

याला उत्तर नाही. काही गाड्यांत मागची चाकं गरजेपुरतीच जोडली जातात. सुबारूची व्यवस्था कायमची. पुढून मागे जाणारा लांब शाफ्ट, मागचा डिफरन्शियल, हे सगळं मे महिन्याच्या कोरड्या रस्त्यावरही फिरत राहतं. त्याचं वजन वाहायचं आणि घर्षणही सोसायचं. पंगतीला जेवणारा एक, वाढपी चार, आणि वाढप्यांची जेवणंही आपल्याकडेच. बरं, एवढं करून ब्रेक मारताना याचा काडीचा उपयोग नसतो. ब्रेक चारही चाकांना सगळ्याच गाड्यांत असतात. थांबायचं ते टायरच्या भरवशावर.

बाबांना बरं वाटावं म्हणून मी आदल्या पिढीची गोष्ट सांगितली. 2011च्या इम्प्रेझाला अडीच लिटरचं इंजिन आणि चार गिअरची ऑटोमॅटिक होती. तिचा आकडा शहरात 20, हायवेला 26. इंजिन लहान झालं, सीव्हीटी आली आणि एका वर्षात हायवेला दहा मैल वाढले.

"ती घेतली असतीस," बाबा म्हणाले, "तर मी आलोच नसतो."

हा आकडा येतो कुठून, याची त्यांना फार उत्सुकता. गाडी रस्त्यावर जात नाही, प्रयोगशाळेत रोलरवर पळते. पेट्रोलही थेट मोजत नाहीत. धुरातून किती कार्बन बाहेर पडला त्यावरून हिशेब करतात. 2008च्या मॉडेलपासून अमेरिकेने यात आणखी चाचण्या मिसळल्या: एक सुसाट पळवण्याची, एक 35 अंशांत एसी लावून, एक उणे 7 अंशांच्या थंडीत. हे ऐकून बाबा खुलले. आपल्याकडे हे काम एआरएआय करते, 1966 साली स्थापन झालेली, पुण्यात वेताळ टेकडीवर. बाबा त्याच टेकडीवर रोज सकाळी फिरायला जातात, त्यामुळे ती संस्था आपल्याच देखरेखीखाली चालते असं त्यांना वाटतं. फक्त भारतातल्या त्या चाचणीत गाडी ताशी 90च्या वर जात नाही. टेकडीवरचा आकडा पौड रोडला उतरेपर्यंत बराच सुकतो, हे बाबाही खासगीत मान्य करतात.

"ते राहू दे," ते म्हणाले. "आपण टाकी टू टाकी काढू."

म्हणजे टाकी फुल करायची, गाडी चालवायची, पुन्हा फुल करायची आणि भागाकार. पद्धत बिनचूक आहे, पण बाबांच्या हातात तिचा विधी होतो. तोच पंप, तेच नोझल, गाडीचं तोंड त्याच दिशेला. नोझल कट झालं की मी थांबलो. बाबा थांबले नाहीत. त्यांनी मागच्या बंपरला गुडघा लावला आणि आमची पावणेचौदाशे किलोची गाडी, स्कूटर हलवावी तशी, डावी-उजवीकडे हलवायला घेतली. "हवा अडकते आत. बुडबुडा वर येऊ दे." पलीकडच्या पिकअपमधला दाढीवाला खाली उतरला. गाडी बंद पडली असावी असं समजून तोही ढकलायला लागला.

दुसरी टाकी भरली आणि डायरीत आकडा पडला: 23 मैल. लिटरला पावणेदहा.

मग घरात चौकशी आयोग बसला. थंडी हा पहिला आरोपी. उणे 7 अंशांत पेट्रोलच्या गाडीचं शहरातलं ॲव्हरेज साधारण 15 टक्के पडतं, आणि तीन-चार मैलांच्याच खेपा असतील तर 24 टक्क्यांपर्यंत, कारण इंजिन तापेपर्यंत शाळा येते. बायको सकाळी गाडी नुसती चालू ठेवून तापवते, हे उघडकीस आलं. उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य. शिवाय गाडी किल्लीसकट चालू ठेवून आपण घरात असलो, तर इथे पोलीस दंड करतात. "मी आत बसून तापवते," बायको म्हणाली. "आणि सीटही तापते. ती किती देते ते लिहा डायरीत."

बाबांनी तो मुद्दा नोंदवला नाही. ते छताकडे बघत होते. वर स्कीइंगचं सामान ठेवायची काळी पेटी होती.

"त्यात काय आहे?"

"आत्ता काही नाही."

"रिकामी?"

हायवेच्या वेगाला अशी पेटी 10 ते 25 टक्के इंधन खाते. चारही चाकांवर बाबांनी इतके दिवस उगाच आळ घेतला होता. खरा चोर डोक्यावर बसला होता. त्या दुपारी त्यांनी कानटोपी घालून ती स्वतः उतरवली, आणि तिच्यात आईने पापड वाळत घातले.

पेटीशिवायची चाचणी घ्यायला आम्ही डोंगरात गेलो. डेन्व्हरच मुळात जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर. आयझेनहॉवर बोगदा तिच्या दुपटीहून वर, 11,000 फुटांवर. बोगद्यातून डेन्व्हरच्या बाजूला बाहेर पडलो की लांबलचक उतार लागतो. उतार बघताच बाबा कुजबुजले, "न्यूट्रल कर." खंबाटकीत त्यांनी फियाट अशीच कितीदा सोडली असेल. मी सांगितलं की कोलोरॅडोत उतारावर न्यूट्रलमध्ये जाणं बेकायदा आहे, आणि तोट्याचंही. कार्ब्युरेटरचे दिवस गेले. आता गिअरमध्ये असताना पाय उचलला की पेट्रोलचा पुरवठा तुटतो. उलट न्यूट्रल केलं की इंजिन जिवंत ठेवायला ते जाळावं लागतं.

बाबांनी क्षणभर विचार केला, हात पुढे केला आणि ट्रिपचा आकडा शून्यावर आणला.

"बाबा, आपण टाकी टू टाकी..."

"तू पाय उचल."

जॉर्जटाउन येईपर्यंत पडद्यावर 99 दिसत होते. बाबांनी फोटो काढला, 42 किलोमीटर असा हिशेब खाली टाकला आणि टेकडीच्या ग्रुपवर पाठवला: 'मुलाची गाडी. ऑल व्हील.' पुण्यात रात्रीचे अडीच वाजले असणार, पण ॲव्हरेजचा विषय निघाला की झोपेचं काय! लगेच दोन अंगठे आले, एक 'अभिनंदन', एक गुलाबाचं फूल. आणि एआरएआयमधून निवृत्त झालेल्या गृहस्थांचा एक शब्द: 'उतार?'

"इथे रेंज नाहीये," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन खिशात ठेवला.