मायग्रेशन सर्टिफिकेटास अनावृत पत्र

श्री. रा. रा. मायग्रेशन सर्टिफिकेट यांस,
मु. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगर.

सा. न. वि. वि.

समजा, अंबाजोगाईची एक पोरगी बी.ए. झाली आणि एम.ए.ला लातूरला निघाली. एसटीनं तासा-दीड तासाची वाट. पण मध्ये 1994 साल आडवं येतं. त्या वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं. लातूर तिकडं गेलं, अंबाजोगाईचा बीड जिल्हा आपल्याकडेच राहिला. तेव्हा शेजारच्या गावात शिकायचं तर पोरीनं आधी 200 किलोमीटरहून लांबच्या विद्यापीठाकडून आपल्याला मिळवायचं. अर्ज, शुल्क, गुणपत्रक, टीसी सगळं जोडून. बीडला 17 सप्टेंबर 2025 ला रेल्वे आली खरी, पण ती अहिल्यानगरला जाते.

आपल्या घराण्याचा इतिहास पाहता हेही थोडकंच. 1958 साली आपलं विद्यापीठ होण्याआधी मराठवाड्याची पोरं उस्मानियाच्या नावानं हैदराबादकडं बघत. आपल्या माथ्यावर बाबासाहेबांचं नाव यायला 27 जुलै 1978 च्या ठरावापासून 14 जानेवारी 1994 पर्यंत थांबावं लागलं. त्यापायी माणसांचे जीव गेले, घरं जळाली. त्या नावापुढं मान लवतेच. थट्टा आहे ती त्याखालच्या शिक्क्याची.

कारण स्थलांतराबद्दल आपली चौकशी फार निवडक आहे. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या भरतात. मुकादमाची उचल अंगावर असते. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. हिशेब असा काटेकोर! सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत माणसं जातात, पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत राहतात. त्यांच्याकडे आपली प्रत कुणी मागत नाही.

आणि नेमकी याच दिवसांत हिवाळी सत्राची परीक्षा येते. सरकारची हंगामी वसतिगृहं शाळकरी पोरांसाठी; कॉलेजची पोरगी त्यात बसत नाही. ती गावात म्हातारी आजी, दोन शेरडं आणि धाकटा भाऊ सांभाळत अभ्यास करते. नाहीतर आईचा हात दुखावला म्हणून फडात उभी राहते. तिकडं 75 टक्के हजेरीचा नियम आपल्या जागी ठाम असतो. मोळ्या बांधल्याची हजेरी मुकादमाच्या वहीत लागते, कॉलेजच्या नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की आपण एकदा मुक्काम हलवून ऊसतोडीच्या गाडीवर बसावं. धारूरचा घाट उतरताना मोळीवर बसलेल्या कुणालाही विचारावं, मूळ गाव सोडल्याचा दाखला आणलाय का म्हणून. उत्तर मिळेल; ते छापण्याजोगं असेलच असं नाही.

कळावे.

आपली आज्ञाधारक,
एक प्रवेशार्थी

(पालकाची सही कारखान्याचा पट्टा पडल्यावर मिळेल.)