थायोटिमोलीन : वापरण्यापूर्वी वाचावे

साखर पाणी पडल्यावर विरघळते. थायोटिमोलीनला एवढा दम धरवत नाही. शुद्ध असेल तर पाणी पडायच्या १.१२ सेकंद आधीच ते विरघळून मोकळे होते. हा पदार्थ बाजारात मिळत नाही, कारण तो अस्तित्वातच नाही. पण तेवढ्यासाठी त्याची वापरपद्धत अडून राहू नये.

अमेरिकेतल्या ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या मासिकाच्या मार्च १९४८ च्या अंकात विज्ञानकथालेखक आयझॅक असिमोव्ह यांनी त्याची ओळख करून दिली. कथेचा बाज नव्हता, थेट शोधनिबंधच होता. तक्ते, आलेख, संदर्भसूची, सगळे यथासांग. वाचताना जांभई यावी इतका अस्सल.

आधी कच्चा माल. रोझेसिया कार्ल्सबाडेन्सिस रूफो या झुडपाची साल आणावी. (झुडूपही कुठे उगवत नसल्याने पिशवी छोटी नेली तरी चालेल.) सालीतून मिळालेल्या पदार्थाचे पुन्हा पुन्हा संप्लवन करावे. इथे चालढकल नको, कारण माल जितका शुद्ध तितकी त्याची घाई जास्त. असे का होते, हे कोणी विचारलेच तर सांगावे की याच्या रेणूत निदान एक कार्बन अणू असा आहे, ज्याचा एक बंध भूतकाळात आणि एक भविष्यात गेलेला आहे. ऐकणारा सहसा दुसरा प्रश्न विचारत नाही.

आता मुख्य कृती. काचेच्या कुपीत चिमूटभर पूड घ्यावी, पाण्याचे भांडे हातात धरावे आणि ओतावे. कृती एवढीच, पण हात ठाम हवा. ओतणाऱ्याच्या मनात ‘ओतू की नको’ सुरू झाले की पूड विरघळायला उशीर करते, कधी ढिम्म पडून राहते. ‘बघू’, ‘करू’ आणि ‘कळवतो’ यांवर संसार चालवणाऱ्या माणसाने या भानगडीत पडूच नये. असिमोव्ह यांनी १९५३ साली याच गुणाचा मानसोपचारासाठी उपयोग सुचवला. ज्याची दोन मने आहेत, त्याच्या कुपीतली थोडी पूड आधी विरघळते आणि बाकीची तशीच राहते. स्थळ पाहायला निघालेल्या मंडळींनी पत्रिकेसोबत एक कुपी नेली, तर पुढचे बरेच चहापोहे वाचतील.

घाईच्या गिऱ्हाइकांना १.१२ सेकंद कमी वाटतील. त्यांनी कुप्यांची माळ लावावी. एक कुपी विरघळली की तिच्यामुळे दुसरीत पाणी पडेल आणि दुसरी त्याच्याही आधी विरघळेल. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे सुमारे ७७,००० कुप्या जोडल्या की उद्याचे आज कळेल. पहिली कुपी गच्चीवर पावसाच्या वाटेत ठेवली, की पापड वाळत घालावेत का नाही याचा निकाल आदल्या दिवशीच लागेल. कुप्या धुणार कोण, याचा निकाल मात्र घरातच लावावा.

एक इशारा गंभीरपणे घ्यावा. पूड विरघळलेली पाहून ‘आता पाणी ओततच नाही, काय करतेस’ असा शहाणपणा करू नये. असिमोव्ह यांच्या १९६० च्या लेखानुसार अशा वेळी पाणी कुठून तरी येतेच, मग त्यासाठी चक्रीवादळाला यावे लागले तरी बेहत्तर.

या सगळ्याचे मूळ खऱ्याखुऱ्या प्रयोगशाळेत आहे. असिमोव्ह तेव्हा कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्राची पीएचडी करत होते. काम कॅटेकॉल आणि टायरोसिनेज या विकराचे, चिरलेला बटाटा काळा पाडणाऱ्या विकरांच्या जातकुळीतले. कॅटेकॉलचे पांढरे हलके स्फटिक पाण्याच्या पृष्ठभागाला टेकताच नाहीसे होत. ते पाहता पाहता त्यांच्या मनात आले, की आणखी जरा घाई केली तर हे टेकायच्या आधीच विरघळतील. शिवाय प्रबंध लिहायची वेळ आली होती आणि त्या रुक्ष भाषेला हात बसवायचा होता. सरावासाठी हा निबंध उतरला.

मौखिक परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून टोपणनावाने छापा, अशी त्यांनी संपादक जॉन कॅम्पबेल यांना विनंती केली. अंकात नाव खरेच आले. परीक्षकांनी अंक वाचलाही. मे महिन्यातल्या परीक्षेत शेवटचा प्रश्न प्राध्यापक राल्फ हॅलफर्ड यांनी विचारला : थायोटिमोलीनच्या ऊष्मागतिक गुणधर्मांविषयी काही सांगा. असिमोव्ह यांना हसू आवरेना. नापास करायच्या विद्यार्थ्याची कोणी अशी थट्टा करत नाही. निकाल अजून जाहीर व्हायचा होता, पण त्यांना तो कळला होता. थायोटिमोलीनचा यशस्वी म्हणावा असा हा एकच प्रयोग.

निबंधातल्या संदर्भसूचीवर विसंबून न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत त्या नियतकालिकांची मागणी करणाऱ्या उत्साही पोरांनी ग्रंथपालांना भंडावून सोडले होते, असे असिमोव्ह सांगत. ती नियतकालिके निघालेलीच नव्हती. वाचकांनी कृपया पुन्हा चौकशी करू नये.