प्रौढांसाठी तत्त्वज्ञान: द्वारका चौकाच्या संदर्भात एक टिपण

तत्त्वज्ञान हा कोवळ्या वयाचा छंद असून संसाराला आणि राजकारणाला लागलेल्या माणसाने तो वेळीच सोडून द्यावा, असे मानणारा जो प्रौढ व्यवहारी पंथ आहे, त्याचा आकरग्रंथ, म्हणजे ज्यात त्या पंथाची सगळी मते एकत्र सापडतील असा मूळ ग्रंथ, कोणता, हा प्रश्न एखाद्या अभ्यासकाला पडला, तर त्याने ग्रंथालयात न जाता नाशिकच्या द्वारका चौकात जावे. तेथे मुंबई-आग्रा महामार्गाला पुणे रस्ता येऊन मिळतो; डोक्यावरून उड्डाणपूल गेलेला आहे, जमिनीखालून पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग काढलेला आहे, आणि पादचारी मात्र या दोहोंच्या मधल्या मजल्यावर, रिक्षा, सिटी बस आणि मालट्रक यांच्या फटीतून, एक हात वर करून रस्ता ओलांडत आला आहे.

या भुयारी मार्गाकडे स्थापत्याची किंवा देखभालीची बाब म्हणून पाहणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मुळात ती व्याख्येची बाब आहे. भारतीय न्यायशास्त्रात, म्हणजे प्रमाण आणि तर्क यांचा विचार करणाऱ्या दर्शनात, वस्तूच्या व्याख्येला लक्षण म्हणतात आणि लक्षणाचे तीन दोष सांगतात. गाय म्हणजे तांबूस प्राणी असे म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेला प्राणी असे म्हटले तर म्हैस आत येते, ही अतिव्याप्ती. आणि गाय म्हणजे अखंड खुराचा प्राणी असे म्हटले तर एकही गाय हाती लागत नाही, हा असंभव. भुयारी मार्ग आखताना पादचाऱ्याचे जे लक्षण गृहीत धरलेले असते, ते तपासले असता तिसऱ्या दोषाचे इतके निर्दोष उदाहरण जुन्या पंडितांनाही सुचले नसते. हा पादचारी रिकाम्या हातांनी चालतो. त्याला गुडघे असतात, पण ते दुखत नाहीत. त्याच्या कडेवर मूल नसते, हातात भाजीची पिशवी नसते, समोर येऊन थांबलेली नाशिकरोडची बस पकडायची नसते, आणि अंधारात उतरताना मागे कोण येत आहे हे पाहण्याची गरज त्याला वाटत नाही, अर्थात तो स्त्री नसतो. असा पादचारी फक्त संकल्पचित्रात आढळतो. प्रकल्प उभा राहण्यापूर्वी जे रंगीत चित्र वर्तमानपत्रांना दिले जाते त्याला संकल्पचित्र म्हणतात. त्यात आकाश नेहमी निळे, झाडे नेहमी पूर्ण वाढलेली, रस्त्यावर एक पांढरी मोटार आणि पदपथावर ऐटीत चालणारी चार माणसे असतात, ज्यांपैकी एकाच्याही हातात पिशवी नसते. कोणत्याही शहरातला कोणताही भुयारी मार्ग वस्तुतः या चौघांसाठी बांधलेला असतो, आणि ते चौघे चित्रातून बाहेर येत नाहीत, एवढीच अडचण असते. पावसाचे पाणी मात्र या लक्षणात तंतोतंत बसते, कारण त्याला गुडघे नसतात, सामान नसते, भीती नसते आणि पायऱ्या उतरण्याचा कंटाळाही नसतो. त्यामुळे भुयारी मार्गाचा सर्वांत निष्ठावंत वापरकर्ता म्हणून जलप्रवाहाची गणना करण्यास शास्त्राची हरकत नसावी. आता, मार्ग ओस पडला याचा दोष कोणाचा, असे विचारले की व्यवहारी माणूस क्षणाचाही विलंब न लावता उत्तर देतो की लोकांना शिस्त नाही. या उत्तराचे तात्त्विक मोल असामान्य आहे. कल्पना आणि वास्तव यांत विसंगती दिसली असता कल्पना खरी आणि वास्तव चुकार, असे मानणाऱ्या मताला तत्त्वज्ञानात चिद्वाद म्हणतात, आणि त्याच्या अत्यंत भोळ्या रूपाला आजवर एकही अनुयायी मिळाला नव्हता. तो अखेर मिळाला, आणि तो तत्त्वज्ञानाच्या वर्गात न मिळता निविदा उघडण्याच्या बैठकीत मिळाला.

व्यवहारी पंथ नवा नाही. प्लेटोच्या ‘गॉर्जियस’ या संवादात कॅलिक्लीझ नावाचा महत्त्वाकांक्षी अथेन्सकर सॉक्रेटिसला बजावतो की तरुणपणी थोडे तत्त्वज्ञान शोभते, पण वय झाल्यावरही जो ते सोडत नाही तो चोप देण्याच्या लायकीचा होतो, कारण असा माणूस भर सभेपासून पळ काढतो आणि कोपऱ्यात तीन-चार पोरांशी कुजबुजत आयुष्य घालवतो. कॅलिक्लीझचे मत घातक असले तरी त्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागते, ती ही की तो स्वतःचे मत उघडपणे मांडतो: बलवानाने अधिक घ्यावे हाच निसर्गाचा न्याय, असे तो सांगतो आणि त्यावर वाद घालण्यास बसतो. आजचा त्याचा वंशज वाद घालत नाही. तो कार्यकर्त्यांना ‘तत्त्वज्ञान झाडू नका, प्रॅक्टिकल व्हा’ असे सांगतो आणि त्याच दिवशी चौकातल्या फ्लेक्सवर ‘विचारांचा वारसदार’ म्हणून हात जोडून उभा राहतो. कोणते विचार, हे फ्लेक्सवर लिहिलेले नसते. जागा नेत्याच्या छायाचित्राने आणि शुभेच्छुकांच्या बत्तीस लहान छायाचित्रांनी व्यापलेली असते. पुढल्या वाढदिवसापर्यंत पक्ष बदलतो, गळ्यातले उपरणे बदलते, शुभेच्छुकही निम्मे बदलतात. वारसा तेवढा अबाधित राहतो, कारण ज्या वस्तूला आशयच नाही तिची झीज कशी होणार?

महाराष्ट्रापुरते पाहिले तर प्रौढ वय, राजकारण आणि तत्त्वज्ञान यांचा काडीमोड झालेला होता, असे इतिहासात कोठे दिसत नाही. 1908 साली सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस गेलेल्या लोकमान्य टिळकांनी 1910-11 च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहून काढले आणि 1915 मध्ये ते प्रसिद्ध झाले. लिहिते वेळी वय चोपन्न, धंदा राजकारण, आणि प्रतिपाद्य विषय नेमका हाच, की ज्ञान झालेल्या माणसाने कर्म सोडावे की करीत राहावे. पुढच्याच वर्षी, 1916 मध्ये, खानदेशात अमळनेर येथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, आणि ते उभारणारे श्रीमंत प्रताप शेठ गिरणीमालक होते, ज्यांना ‘प्रॅक्टिकल व्हा’ असे सांगण्याची प्राज्ञा आजच्या कोणत्याही प्रॅक्टिकल माणसाला झाली नसती. साने गुरुजी शिक्षक होण्यापूर्वी याच संस्थेत अध्ययनासाठी राहिले होते.

पण दूर जाण्याचे कारण नाही. द्वारकेहून गोदावरी ओलांडली की पंचवटी लागते, आणि तेथे काळाराम मंदिराच्या दारात 2 मार्च 1930 रोजी सत्याग्रह सुरू झाला. त्याचे नेतृत्व करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई या तत्त्ववेत्त्याचे विद्यार्थी होते, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा तपशील नाही. कारण दारात उभा राहिलेला प्रश्न दर्शनाचा जितका होता त्याहून अधिक माणसाच्या लक्षणाचा होता, म्हणजे ‘माणूस’ आणि ‘सार्वजनिक’ हे शब्द उच्चारताना त्यांतून कोणाला वगळले जाते, असा होता. ही अव्याप्ती होती, आणि तिची किंमत दाराबाहेरच्यांनी वर्षानुवर्षे मोजली. दार उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. त्या सगळ्या काळात सबुरीचा, समंजसपणाचा, वेळ पाहून वागण्याचा जो सल्ला सत्याग्रहींना मिळत होता, तो व्यवहारीपणाचाच सल्ला होता, आणि तो बंद दाराच्या आतल्या बाजूने दिला जात होता. व्यवहारीपणाला स्वतःचे तत्त्वज्ञान नसते, हा समज म्हणूनच खोटा आहे. त्याला तत्त्वज्ञान असते. फक्त ते तपासलेले नसते, आणि ज्याच्या अंगावर ते कोसळते तो माणूस दरवेळी दुसराच असतो. दुखऱ्या गुडघ्यांची म्हातारी द्वारकेत ट्रकसमोर हात धरून रस्ता ओलांडते तेव्हा ती नियम मोडत नसते, दुसऱ्याने केलेल्या भिकार व्याख्येतून जीव वाचवत असते, आणि तिला बेशिस्त म्हणणारा मोटारीची काच वर करून उड्डाणपुलावरून निघून गेलेला असतो.

तत्त्वज्ञानाच्या अध्यापकवर्गाचा बचाव करण्याचा येथे हेतू नाही. चर्चासत्रात एकमेकांचे शोधनिबंध न ऐकता प्रमाणपत्र घेऊन जाणाऱ्यांनी कॅलिक्लीझचे काम पुष्कळ हलके केले आहे. तरीही या विद्येला शासनव्यवहारात काहीच स्थान उरलेले नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय लोकप्रिय आहे, आणि त्याची शिफारस करताना शिकवणीवर्ग सांगतात की त्याचा अभ्यासक्रम सर्वांत आटोपशीर आहे. अडीच हजार वर्षांच्या विचाराला मिळालेली ही पावती कमी लेखू नये. शिवाय 2013 पासून मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राची 250 गुणांची सक्तीची प्रश्नपत्रिका आहे. तिच्या उत्तरार्धात प्रकरण अभ्यास, म्हणजे कल्पित प्रशासकीय पेचप्रसंग, दिलेले असतात: आपण अमुक जिल्ह्यात अधिकारी आहात, एक प्रकल्प लोकांच्या गैरसोयीचा असल्याचे आपल्या लक्षात आले आहे, त्याला मंजुरी देण्यासाठी दबाव आहे, तर आपण काय कराल? उमेदवार त्यात सॉक्रेटिस, गांधी आणि कांट यांना अडीचशे शब्दांत बसवतो, लोकहित सर्वोच्च ठरवतो, सदसद्विवेकबुद्धीच्या कौलाने मंजुरी नाकारतो आणि चांगले गुण मिळवतो. नेमणूक झाल्यावर तोच प्रश्न, त्याच जिल्ह्यात, शब्दमर्यादेची अट काढून पुन्हा समोर येतो, आणि तेव्हा त्याचे उत्तर तीन शब्दांत पूर्ण होते: वरून आलेले आहे.