चारी चाकांचे अरण्यपर्व

नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या 44 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने, चारी चाकांना इंजिनाचे बळ पुरविणारी मोटार, छपरावर घडीचा तंबू आणि पाठीमागे गाडीच्या विजेवर चालणारा फ्रिज असा सरंजाम घेऊन जे मित्रमंडळ पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात दाखल होते, त्याच्या मुखावर नवा मुलूख सर करावयास निघालेल्या सरदाराचे तेज विलसत असते. हा मुलूख दुर्गम आहे अशी त्याची नितांत श्रद्धा; आणि शाळकरी पोरांनी भरलेली सरकारी बस त्याच वाटेने भोंगा वाजवीत पुढे निघून गेली, तरी त्या श्रद्धेस तडा जात नाही. कुंतालाच्या धबधब्याशी मात्र पायऱ्या उतराव्या लागतात, आणि तेथे चारी चाके निरुपाय होतात.

ज्या रानात शेत कसले म्हणून निजामाच्या जंगल खात्याने गोंडांना हुसकून लावले, आणि ज्या जुलमाविरुद्ध उठलेला कुमराम भीम 1940 साली जोडेघाटास मारला गेला, त्याच रानात हौसेने तंबू ठोकून शेकोटी पेटविण्यास हल्ली निसर्गसान्निध्य म्हणतात. (गोंडांचे ते अतिक्रमण होते.)

पौष अमावास्येच्या केस्लापूरच्या नागोबा जत्रेपूर्वी मेस्राम कुळातील माणसे गोदावरीचे जल आणावयास अनवाणी चालत जातात, वाटेत मुक्काम करतात, आणि ते जल घेऊन तशीच पायी परततात. परंतु टायरमधील हवेचा दाब किती ठेवावा, याविषयी त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काहीच नसल्यामुळे, त्यांच्या या प्रवासाची गणना अद्याप कोणी साहसात केलेली नाही.