प्रिय कलम ०६, माझं वजन कमी पडलं!

श्रीमान एक्सक्लुजन झिरो सिक्स यांस,
मुक्काम: माझी मेडिक्लेम पॉलिसी, ‘काय मिळणार नाही’ हे पान

स. न. वि. वि.

आपण माझ्या घरात कित्येक वर्षं राहताय आणि मला पत्ताच नव्हता. हप्ता वेळेवर भरायचा आणि पॉलिसी कपाटात ठेवून द्यायची, ही आमच्याकडची रीत. बारीक अक्षरांत ‘लठ्ठपणा व वजननियंत्रण’ अशी पाटी लावून आपण तिथे ठाण मांडून होतात, हे कळलं ते वजन कमी करण्याच्या पोटाच्या ऑपरेशनचं प्री-ऑथ, म्हणजे कंपनीची आगाऊ मंजुरी, नाकारलं गेलं तेव्हा.

माझी उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ८५ किलो, म्हणजे बीएमआय ३४. आपल्याला हवा ४०. नाहीतर ३५ आणि जोडीला आपल्या यादीतला एखादा भारी आजार. आजार आहे की! टाइप टू मधुमेह, गोळ्यांना दाद न देणारा. पण ३५ गाठायला ८७.४ किलो लागतात. बालवाडीपासून नात्यातल्या, सोसायटीतल्या आणि रिक्षातल्या प्रत्येकाने मला ‘जास्त’ म्हटलं. कमी म्हणणारे आपण पहिलेच! हे नकारपत्र मी फ्रेम करून दिवाणखान्यात लावणार आहे.

मेडिक्लेम डेस्कवरच्या मुलाने फाइल परत देताना आवाज खाली आणून सांगितलं, “मॅडम, दोन-अडीच किलो वाढवून या, मग बघू.” बिचारा मदतच करत होता. पंचाईत अशी की सर्जनने हातात दुसराच कागद दिलाय: ऑपरेशनआधी दोन आठवडे प्रोटीन पावडर, सूप, ताक. त्याने यकृत आकसतं आणि दुर्बीण घालायला जागा होते. म्हणजे आपल्यासाठी श्रीखंड आणि यकृतासाठी सूप. कोणत्या वारी काय, याचं वेळापत्रक पाठवलंत तर उपकार होतील.

आपल्या यादीचं कौतुक करावं तेवढं थोडं. मधुमेह हवा, पण ‘अनियंत्रित’. रोज चालले, पथ्य पाळलं आणि साखर आटोक्यात आणली, की मी बाद. घोरताना श्वास अडकणंही हवं, पण ‘तीव्र’. झोपेत तासाला ३० किंवा त्याहून जास्त वेळा श्वास अडकला, तर तो आजार तीव्र समजतात. माझा रिपोर्ट आला २२. नवऱ्याला हा आकडा भरपूर वाटतो, पण त्याला विचारतंय कोण! राहिले हृदयाचे दोन आजार. त्यांतला एखादा जडेपर्यंत थांबायची माझी तयारी आहे, असं आपण गृहीत धरलेलं दिसतं.

शिवाय आधीचे सौम्य उपाय फसल्याचा पुरावा हवा. कोमट पाण्यात लिंबू-मध, जिऱ्याचं पाणी, चतुर्थी, एकादशी, दिवसातून दोनदाच जेवण आणि तेही ५५ मिनिटांत, वर्षाची फी भरून महिन्यात सोडलेलं जिम. सगळं झालं, सगळं फसलं. वाण्याकडून जिऱ्याची जीएसटी पावती आणू का?

आपली वंशावळ काढली मी. कागदोपत्री आपला जन्म २०१९ चा, विमा नियामक प्राधिकरणाच्या घरातला. आपल्या आधी बहुतेक पॉलिसींत अशा ऑपरेशनला सरसकट नकारच होता, तेव्हा आपलं येणं ही सुधारणाच म्हणायची. पण ४० आणि ३५ हे आकडे थेट १९९१ चे, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या एका बैठकीतून आलेले. तेव्हा ही ऑपरेशनं पोट उघडूनच होत. खुद्द त्या धंद्यातल्या सर्जनांच्या अमेरिकन आणि जागतिक संघटनांनी २०२२ मध्ये ते आकडे खाली आणले: कोणताही आजार नसला तरी ३५, आणि आशियाई माणसांसाठी २७.५. आपल्यापर्यंत टपाल पोचलेलं दिसत नाही.

आशियाई माणसांना वेगळा आकडा कशाला, असं विचाराल, तर पुण्यातच विचारा. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघं शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तराजूवर सारखे, आतून दुपटीहून जास्त फरक. आपली मंडळी किरकोळ दिसूनही मधुमेही का होतात, याचं उत्तर बरंचसं त्या फोटोत आहे. मग पुणेकरणीच्या अंगाला अमेरिकेची फूटपट्टी कशी चालते?

आता खरं काय ठरवायचंय ते सांगते. सर्जनने प्रिस्क्रिप्शनच्या मागे बॉलपेनने जठर काढलं, त्यावरून एक वाकडी रेघ ओढली आणि रेघेच्या एका बाजूचा भाग गिरवून काळा केला. “हा जाणार. उरेल ते केळ्याएवढं.” या ऑपरेशनला ‘स्लीव्ह’ म्हणतात. जवळपास ८० टक्के जठर जातं आणि ते परत बसवता येत नाही. भूक चेतवणारं घ्रेलिन मुख्यतः त्या काळ्या भागात तयार होतं, म्हणून भूकही मंदावते. पुढे जन्मभर बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व. जेवताना पाणी नाही. पहिले काही महिने केस मूठमूठ गळतात. पित्ताचे खडे होऊ शकतात. एवढं सोसूनही खाण्यावर ताबा नसला तर वजन हळूहळू परत चढतं. दुसरीकडे वजन उतरवणारं मौंजारोचं इंजेक्शन, मार्च २०२५ पासून भारतात मिळतंय. दर आठवड्याला टोचायचं, आणि थांबवलं की बहुतेकांचं वजन पुन्हा वाढू लागतं.

हे सगळं ताटात घेऊन महिनाभर विचार करावा, आईशी भांडावं, दुसऱ्या डॉक्टरला विचारावं, रात्री जागावं, असा हा निर्णय. लोकांना ‘शॉर्टकट’ वाटतो, वाटू दे. माझ्या रात्री मात्र २.४ किलोंचा हिशेब करण्यात गेल्या. जठराचं काय करावं यापेक्षा वजनकाट्यावर चढताना खिशात काय ठेवावं, याचाच विचार मी जास्त केला. ही किमया आपली.

तर माझा निर्णय कळवते. मी अडीच किलो वाढवणार नाही. साखर बिघडवणार नाही. स्लीव्ह करायचं ठरलंय, एफडी मोडून. आपल्या कंपनीचे तेवढे पैसे वाचले, अभिनंदन. पुढे माझी किडनी, डोळे, पाय मधुमेहाने जायचे वाचले, तर त्यांच्या उपचारांचेही वाचतील. ते मात्र कुठल्याच रकान्यात दिसणार नाहीत.

आपल्या जन्मदात्या प्राधिकरणाला या पत्राची प्रत पाठवतेय. त्यांना विनंती एकच: ३५ खोडा आणि भारतीयांसाठी २७.५ लिहा. तोवर वाचकांनी आपापली पॉलिसी कपाटातून काढावी, एक्सक्लुजन ०६ शोधावं, आणि सर्जनची वेळ घेण्याआधी वाचावं.

कळावे.

आपली,
अडीच किलोंनी अपात्र