दार नेमकं कुठे आहे?

(रंगमंचावर दार नसलेली एक चौकट. नट तिच्यातून आत येतो.)

घर कुठे घ्यावं? नगरच्या सावेडीत, की 35 किलोमीटरवरच्या शनिशिंगणापुरात? सावेडीत फ्लॅटला आधी सेफ्टी डोअर, मग लाकडी दार, वर लॅच. खाली वॉचमन, आणि तो झोपलाय का हे बघायला सीसीटीव्ही. शिंगणापुरात परंपरेनं घराला दारच नाही. कुत्रं शिरू नये म्हणून रात्री फार तर फळी टेकवायची. राखण शनिदेवाची: मेंटेनन्स नाही, दिवाळीची पोस्त नाही, आणि चोराला थेट साडेसाती. भाडेकरार अकरा महिन्यांचा, शिक्षा साडेसात वर्षांची! शिवाय मालक स्वतः उघड्या चौथऱ्यावर, डोक्यावर छप्पर नाही. तिथे कार्पेट एरिया विचारायचा कोणत्या तोंडानं?

म्हणाल, ही श्रद्धा झाली, पुरावा द्या. घ्या. बँकेइतका संशयी प्राणी नाही. स्वतःच्या पेनलाही दोरी बांधते. त्या जमातीतल्या युको बँकेनं 2011 मध्ये इथे बिनकुलपाची शाखा उघडली. टाळ्या थांबवा, काचेचं दार बसवलंच होतं! पुढे 2015 मध्ये पोलीस ठाणंही आलं. मग विश्वास उडाला? मला नाही तसं वाटत. गावाचा धाक गावाला पुरतो. बाहेरून येणाऱ्या हजारो भाविकांच्या पार्किंगला वेगळा लागतो.

पण घर बघणाऱ्यानं घाबरायचं ते न दिसणाऱ्या दाराला. शिंगणापुरात घरांना दार नव्हतं, चौथऱ्याला मात्र होतं, फक्त बायकांसाठी, आणि पिढ्यान्‌पिढ्या घट्ट बंद. उच्च न्यायालयानं कान उपटल्यावर 8 एप्रिल 2016 ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, ते उघडलं. शहरवाल्यांनी हसू नये. तुमचं खरं दार फोनवरच लागतं: "आडनाव काय? मटण खाता? एकटेच राहणार? अरेरे, फ्लॅट कालच गेला हो!" सेफ्टी डोअर निदान डोळ्यांना दिसतं.

तेव्हा माझा कौल असा: भाड्यानं शिंगणापूर, विकत सावेडी. कारण खरेदीखतात भिंती नावावर होतात, शेजाऱ्याच्या मनातली शनीची भीती होत नाही. उद्या शेजारी बदलला तर? विम्याचा आधार म्हणाल, तर घरफोडीच्या पॉलिसीला सहसा फोडून शिरल्याची खूण लागते. इथे चोर बिचारा फोडणार काय? भाडेकरूला ही चिंता नाही. जमलं नाही की सामान उचलायचं आणि निघायचं.

(जाता जाता थांबून) फळी तेवढी ठेवून जा. ती घरमालकाची असते.