धारोपासक

धारोपासक ओळखायला सोपा. उजव्या हातावर केस असतात, डाव्यावर नसतात. सुरीला धार चढली की नाही, हे तो डाव्या हाताचे केस भादरून बघतो, आणि बघितल्याशिवाय त्याचा दिवस जात नाही.

वय पंचेचाळिशीपुढचं, नोकरी संगणकावरची, स्वयंपाकाशी संबंध चहापुरता. सुरुवात अगदी निरागस असते. टोमॅटो चिरला न जाता चेपतो, अशी घरातून तक्रार येते. दुसरा कोणी कप उपडा घालून बुडाच्या खरखरीत कडेवर सुरी चार वेळा घासून मोकळा झाला असता. हा आधी अभ्यास करतो. अभ्यासात कळतं की दगडांना नंबर असतात: 400 चा भरड, 1000 चा मधला, 6000 चा पॉलिशचा. नंबर जितका मोठा, तितका कण बारीक. नवशिक्याला 1000 चा एकच दगड पुरतो, हेही त्याला पहिल्याच संध्याकाळी समजतं. पुढे जन्मभर तो हाच सल्ला प्रत्येकाला देतो. स्वतः तिन्ही मागवतो.

मग दगडांच्या पाठोपाठ त्यांचं वऱ्हाड येतं. घासून घासून दगडाला मध्ये खळगा पडतो, म्हणून दगड सपाट करायला हिऱ्याच्या कणांची पट्टी. तो सरकू नये म्हणून रबरी बैठक. कोन चुकू नये म्हणून पात्याच्या पाठीला लावायची चिमटी. जपानी सुरीला दर बाजूला साधारण 15 अंश, जर्मन सुरीला 20. घरातली सुरी स्टेशनबाहेरची, तिच्या अंशांबद्दल कोणीच काही लिहून ठेवलेलं नसतं. एवढ्या सरंजामाला शोभेशी सुरी हवी, म्हणून मग जपानी सुरी. शेवटी चामड्याचा पट्टा आणि त्यावर चोळायची क्रोमियम ऑक्साइडची हिरवी वडी. न्हावी अशाच पट्ट्यावर वस्तरा फिरवायचा, पण तेव्हा हे गृहस्थ खुर्चीत बसून पेपर वाचत होते.

विधी रविवारी सकाळी. दगड पाण्यात बुडतो आणि बुडबुडे थांबेपर्यंत सिंक कोणी वापरायचं नाही. धारेची कड मार्करने काळी करायची, शाई कुठे पुसली जाते त्यावरून कोन तपासायचा. एक बाजू पुरेशी घासली की दुसऱ्या बाजूला पोलादाची अगदी बारीक, खरखरीत कोर उभी राहते. ती बोटाला जाणवली की घरातल्या प्रत्येकाला बोलावणं जातं. कोणालाच काही जाणवत नाही. सगळे "हो, हो" म्हणतात.

"अहो, झालं असेल तर द्या इकडे. भेंडी चिरायचीय."

"भेंडी? या सुरीने?"

लिंबाचं तर नावच काढायचं नाही. कार्बन स्टील आहे, डाग पडतो! ही सुरी फक्त कागद कापते, तोही हवेत उभा धरलेला. भेंडी तोवर विळीवर चिरून झालेली असते. विळीचं वाकडं पातं या सपाट दगडांवर नीट बसत नाही, त्यामुळे तिला तो हत्यारांत धरत नाही.

अडचण होते ती धारवाला गल्लीत आला की. सायकल स्टँडवर, पाय पेडलवर, चाकातून ठिणग्या. आपला साधक खाली उतरून त्याला ऐकवतो की कोरड्या चाकावर पोलाद तापतं आणि धारेची कड मऊ पडते. बोलणं चुकीचं नाही, मान्य करायला हवं. पण तेवढ्या वेळात धारवाल्याने दोन विळ्या आणि शिंपीकाकांची कात्री हातावेगळी केलेली असते. मग तो जपानी सुरी मागून घेतो, उन्हात धरतो, अंगठा आडवा फिरवतो.

"फर्स्ट क्लास, साहेब. वापरत नाही वाटतं?"

यातला पहिला भाग घरी सर्वांना सांगितला जातो, आणि रात्री 8000 चा दगड मागवला जातो.